मेलेल्या झाडावरच्या जिवंत तारा

“तू जिवंत आहेस का?”

मित्रांनो, हा प्रश्न मला विचारला गेला तेव्हा भर दुपार होती, रस्ता सुनसान होता आणि विचारणाऱ्या मुलीचा कान माझ्या अंगाला चिकटलेला होता. तिच्या दोन मैत्रिणी पलीकडच्या कुंपणाआड दडून बसल्या होत्या. पैज त्यांनीच लावली होती. शाळेत म्हणे अशी बोलवा होती, की या रस्त्यावरचा जुना खांब गुणगुणतो, आणि कान लावून त्याला काही विचारलं तर तो खरं उत्तर देतो. फक्त उत्तर ऐकल्यावर मागे वळून बघायचं नाही. वळलं तर काय होतं, ते कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे भीती आणखीच वाढली होती.

तो खांब म्हणजे मी. मी एक जुना लाकडी खांब आहे. माझ्या डोक्यावर लोखंडी आडवी पट्टी, तिच्यावर चिनी मातीचे पांढरे कप आणि त्यांवरून जाणाऱ्या विजेच्या उघड्या तारा. छातीवर कवटीचं चित्र असलेली पत्र्याची पाटी. माझा काढलेला हा पहिला आणि शेवटचा फोटो.

तर तिने विचारलं, “तू जिवंत आहेस का?” आणि वरून, थेट आभाळातून, घोगरा आवाज आला.

“जिवंत आहे! लांब हो!”

कुंपणाआडच्या दोघी ज्या सुटल्या, त्या चपला तिथेच टाकून. ही मात्र जागची हलली नाही. ती मलाच टेकून उभी होती. तिने मान वर केली आणि बघितलं. माझ्या मागच्या अंगाला, झाडाच्या पानांआड लावलेल्या शिडीवर वायरमन काका होते, माझ्या डोक्याजवळ, हात मागे घेऊन नुसती पाहणी करत.

“काय गं, ऐकू येत नाही का? तार जिवंत आहे म्हणतोय मी.”

“तार कशी जिवंत असेल?” तिचा आवाज इतका बारीक होता, की काकांना दोनदा विचारावं लागलं.

“वीज वाहतेय तोवर तार जिवंत. वीज बंद केली की लाइन मेली. आम्ही असंच बोलतो.”

“आणि खांब?”

काका हसले. “खांब कशाला जिवंत असेल? लाकूड आहे ते.”

मला बोलता येत नाही, मित्रांनो, मला फक्त गुणगुणता येतं. पण मनात म्हटलं, काका, लाकूड हे लाकूड म्हणून जन्माला येतं का कधी?

मी एका उतारावर जन्मलो. आम्ही तिथे दाटीवाटीने उभे होतो, खांद्याला खांदा लावून, आणि प्रत्येकाला वर जायची घाई. मी सरळ वाढलो. तेच माझ्या अंगाशी आलं. माणसं आली, त्यांनी वाकड्यांना सोडलं आणि सरळांना धरलं. करवत चालली. आधी माझी सावली पडली, मग मी. त्यांनी माझी साल सोलली, फांद्या छाटल्या आणि मला काळ्या तेलाच्या हौदात बुडवून ठेवलं, वाळवी लागू नये म्हणून. जिवंत झाडाला पाणी घालतात, मेलेल्याला तेल पाजतात. ते तेल आजही कडक उन्हात माझ्या अंगातून पाझरतं आणि मुलं म्हणतात, “ई, खांबाला घाम आलाय!”

मग मला या रस्त्यावर आणलं. खोल खड्डा खणला, त्यात मला उभं केलं, पायाशी दगडगोटे ठोकून भरले. एक गवंडी हात झाडत म्हणाला, “छान लागला!” रोप लागल्यावर म्हणतात ना, तसं. मी खुळा, मी ते मनावर घेतलं. पालवीची वाट बघत बसलो. पालवी फुटली नाही, पण काही दिवसांनी मला तारा फुटल्या.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा माझ्या डोक्यावरचा दिवा लागला तेव्हा सगळा रस्ता बाहेर आला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालं, “काय सरळ आहे बघा!” माझे ते कौतुकाचे दिवस. माझ्या उजेडात पोरांनी अभ्यास केला, माझ्या विजेवर घरोघरचे पंखे फिरले. पुढे कौतुक ओसरलं. माझ्या अंगावर खिळे ठोकून जाहिराती लागल्या, हरवलेल्या मांजरांचे फोटो लागले, आणि कुत्र्यांनी माझ्याशी जे केलं ते मी इथे सांगत नाही.

याच काळात कुणीतरी माझ्या शेजारी शिरीषाचं रोप लावलं. अगदी शेजारी. लावताना त्या माणसाने खाली बघितलं, माती बघितली, पाणी बघितलं, फक्त वर बघितलं नाही.

शिरीष झपाट्याने वाढला. त्याची एक गंमत आहे. संध्याकाळ झाली की तो पानं मिटून घेतो, हात जोडल्यासारखी. आणि त्याच्या सुकलेल्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळतात. ज्यांना सवय नाही त्यांना वाटतं, झाडात कुणीतरी कुजबुजतंय. ज्यांना सवय आहे त्यांनाही कधीकधी तसंच वाटतं, कारण मित्रांनो, वारा नसतानाही त्या शेंगा वाजलेल्या मी ऐकल्या आहेत.

तो तारांपर्यंत पोचला आणि विजेच्या कंपनीची माणसं पहिल्यांदा करवत घेऊन आली. तारांना वाट हवी होती, म्हणून त्यांनी शिरीषाला मधूनच कापलं. शेंडा गेला, दोन्ही बाजूंच्या फांद्या राहिल्या, आणि मधल्या खाचेतून तारा. तेव्हापासून तिन्हीसांजेला तो आभाळासमोर असा दिसतो, जसा कुणी दोन्ही हात वर करून उभा आहे आणि त्याला डोकंच नाही. लहान मुलं त्या वेळी त्याच्याकडे पाठ करून चालतात. मोठी माणसंही जरा भरभर चालतात, पण ती मोबाइलवर बोलत असल्याचं दाखवतात.

दरवर्षी करवत यायची. दरवर्षी तो नवे फुटवे काढायचा, लांबलचक, कोवळे, आणि सगळेच्या सगळे खाचेच्या आत वळलेले. मुकादम चिडायचा, “या झाडाला अक्कल नाही! मोकळी जागा सोडून तारेकडेच येतं!” मुकादम म्हणजे छाटणीवाल्या टोळीचा म्होरक्या. आवाज करवतीसारखा, मिशा झाडूसारख्या. त्याला वाटायचं झाड तारेकडे येतंय. मला मात्र वेगळा संशय होता.

कारण एका पावसाळ्यानंतर जमिनीखाली माझ्या पायाला काहीतरी लागलं. गार, ओलं, सावकाश सरकणारं. आधी वाटलं, आली एकदाची वाळवी. पण वाळवी कुरतडते, हे चाचपत होतं. आंधळं माणूस चेहऱ्यावरून बोटं फिरवतं तसं ते माझ्या पायावरून फिरलं आणि मग त्याने मला वेढा घातला. ती शिरीषाची मुळं होती. त्याने मला ओळखलं होतं. या तेल पाजलेल्या, खिळे ठोकलेल्या, कवटी लावलेल्या लाकडात त्याला झाड सापडलं होतं.

तो मला धरून ठेवत होता की खाली ओढत होता, हे मला आजही सांगता येणार नाही. पण तेव्हापासून करवत त्याच्यावर चालली की थरथर माझ्या पायातून डोक्यापर्यंत येते, आणि तो उतार मला आठवतो.

आता त्या मुलीकडे येतो. पैजेच्या त्या दुपारपर्यंत ती वर्गात हजेरीला “हजर” म्हणायची तेही बाईंना ऐकू जात नसे. पण ज्या खांबापुढे सगळ्या शाळेची बोबडी वळत होती, त्याच्यापाशी ती थांबली होती, नव्हे, वर बघून त्याच्याशी बोलली होती! दुसऱ्या दिवशी तिने हा किस्सा आधी वर्गात सांगितला, मग दुसऱ्या वर्गात, मग मैदानात. दर वेळी आवाज चढत गेला. आठवड्याच्या आत मैत्रिणींनी तिचं नाव भोंगा ठेवलं आणि तिला ते मनापासून आवडलं.

भोंगाचं घर माझ्या अगदी समोर, रस्ता ओलांडून. तिचे बाबा फ्रिज दुरुस्त करतात. अंगणात दारं काढलेले पांढरे फ्रिज रांगेने उभे असतात, रिकामे, आ वासलेले. आई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. भोंगाची खोली अंगणाच्या कोपऱ्यावर, आणि त्या खोलीच्या एकुलत्या एका खिडकीत शिरीषाची डावी फांदी भरून दिसते. त्या फांदीआडून सकाळ तिच्या खोलीत येते. शाळेत सगळ्यांना सांगून झालेल्या गोष्टी ती रोज त्या खिडकीत बसून झाडाला पुन्हा सांगायची. झाडाने तिला कधी मध्येच तोडलं नाही.

यंदा शिरीष वाईट वागला. दोनदा त्याची फांदी तारांवर घासली, ठिणग्या उडाल्या आणि रस्त्याची वीज गेली. दुसऱ्या वेळी दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत एक पेशंट तोंड उघडून पडला होता, आणि मशीन त्याच्या दाढेत असताना बंद पडलं. डॉक्टर पांढऱ्या कोटावरच रस्त्यावर आले. “हे झाड आहे की भूत? काढा म्हणावं एकदाचं!”

“तुमच्या दवाखान्यात आल्यावर सगळ्यांनाच भूत दिसतं,” शिवणमावशी म्हणाल्या. मावशींचं शिलाई मशीन कायम शिरीषाच्या सावलीत असतं. त्यांनी सुईवरून नजरही उचलली नाही. “माझं मशीनही विजेवरच चालतं, डॉक्टर. वीज गेली की मी पाय मारते. तुम्हीही पायावरचं मशीन घ्या.”

लोक हसले. पण कंपनीने डॉक्टरांचंच ऐकलं. या खेपेला छाटणी नव्हती. मुकादमाने शिरीषाच्या बुंध्याला, अगदी जमिनीलगत, तांबड्या रंगाचा पट्टा ओढला. त्याचा अर्थ विचारायची कुणाला गरज पडली नाही.

रस्ता पेटून उठला. मावशींनी बुंध्याभोवती कापडाच्या चिंध्यांची दोरी वळून बांधली. लोक आळीपाळीने झाडाखाली बसायला लागले. भोंगा घरोघर जाऊन माणसं गोळा करत होती. “काका, तुमची पाळी आहे! आजी, तुम्ही नुसत्या बसा, बोलायचं काम माझं!” डॉक्टर सोडून सगळे आले. मला गंमत वाटायची, मित्रांनो, आणि थोडं वाईटही. ते सगळे माझ्याकडे पाठ करून बसायचे. त्यांच्या दृष्टीने मी कंपनीचा माणूस होतो.

आणि मग तो दिवस आला.

सकाळपासून आभाळ कोंदलेलं होतं. पानही हलत नव्हतं. टोळी ठरल्यापेक्षा लवकर आली, बसायला अजून कुणी पोचलेलंही नव्हतं. मुकादमाने वॉकीटॉकी तोंडाशी धरला. त्या यंत्राच्या दुसऱ्या टोकाला, लांबच्या उपकेंद्रात, वीज चालू-बंद करणारा माणूस बसतो.

“लाइन बंद करा. मेली का?”

यंत्र खरखरलं. “मेली.”

माझ्या डोक्यातली गुणगुण थांबली. ती शांतता मला कधीच आवडत नाही. करवत सुरू झाली. आधी वरच्या फांद्या उतरवायच्या, मग बुंधा, असा बेत. तारांवर झुकलेली जाड उजवी फांदी अर्धी कापून होते न होते तोच पलीकडून एक किंचाळी आली.

“बंद करा ते! मी झाडावर आहे!”

भोंगा होती. शाळेचा गणवेश, पाठीवर दप्तर, आणि दुसऱ्या बाजूने सरसर चढून ती डाव्या फांदीवर घोड्यावर बसल्यासारखी बसली होती. करवतवाल्याने घाबरून मशीन बंद केलं आणि शिडीवरून खाली उडी मारली.

“अगं ए भवाने, उतर खाली!” मुकादम गरजला.

“आधी पट्टा पुसा!”

“तुझ्या शाळेत सांगेन!”

“सांगा! शाळेत सगळ्यांना माहितीये मी कशी आहे ते!”

पाहता पाहता रस्ता भरला. मावशी मशीन तसंच सोडून धावत आल्या आणि बुंध्याला पाठ लावून बसल्या. त्यांच्या मागोमाग दहा-बारा जण. डॉक्टर दारातून ओरडत होते, “अहो, पुन्हा माझा पेशंट अडकलाय! कुणीतरी काहीतरी ठरवा!”

आणि वर भोंगाच्या लक्षात आलं, की चढणं सोपं होतं. उतरायच्या वाटेवर तारा होत्या. तिच्या दप्तराचा पट्टा एका तारेत गुंतला होता आणि ओढला की सगळी तार थरथरत होती. तिचा चेहरा मला जवळून दिसत होता. भोंगा गप्प झाली होती. तिला तशी मी त्या पहिल्या दुपारनंतर प्रथमच पाहत होतो.

टोळीबरोबर आलेल्या वायरमन काकांनी शिडी माझ्या अंगाला लावली. “हलू नकोस गं. लाइन मेलेली आहे. मी तार बाजूला धरतो, तू पट्टा काढ आणि माझ्या मागून शिडीवर ये.” पण काका या कामात मुरलेले. तारेला हात लावण्याआधी त्यांनी खाली हाक दिली, “मुकादम, परत विचारा!”

मुकादमाने वॉकीटॉकी तोंडाशी नेला. गर्दीच्या गलक्यावर आवाज चढवून तो ओरडला, “मेली ना? नक्की मेली ना?”

आणि यंत्रातून मोठ्यांदा उत्तर आलं, “मेली! मेली! कधीच मेली!”

नेमक्या त्याच क्षणी भोंगाची आई रस्त्याच्या वळणावरून आली. कुणीतरी तिला कामावर फोन केला होता, मुलगी तारांपाशी चढलीय म्हणून. ती प्रयोगशाळेच्या कोटावरच धावत आली होती. तिला गर्दी दिसली, माझ्यावर लावलेली शिडी दिसली, झाडावर गणवेशातलं न हलणारं काहीतरी दिसलं, आणि कानावर शब्द पडला. मेली. कधीच मेली.

मित्रांनो, मी वादळात तारा तुटताना ऐकल्या आहेत. तो आवाज त्यापुढे काहीच नाही. ती माउली गर्दी फाडत आली आणि तिने मुकादमाची गचांडी धरली.

“माझी पोर! काय केलंत माझ्या पोरीचं!”

“अहो बाई...” मुकादमाची मान आवळली होती. हातातला वॉकीटॉकी त्याने घट्ट धरला होता आणि त्याचा अंगठा नकळत बोलायच्या बटणावर दाबला गेला होता. “जिवंत आहे हो! जिवंत आहे तुमची पोर! रडणं बंद करा!”

हे शब्द आईला पटायच्या आधी यंत्रातून निघून गेले. उपकेंद्रातल्या माणसाला गलका ऐकू आला, खरखर ऐकू आली आणि त्यातून तुटक दोन शब्द आले. “जिवंत.” “करा.” काम संपलं की टोळी हेच तर कळवते. जिवंत करा. त्याने वीज चालू करायचा दांडा वर ओढला.

इथे मी तुम्हाला एक क्रम सांगतो, तो नीट लक्षात ठेवा. कारण नंतर त्या क्रमावरूनच सगळा रस्ता भांडला.

काकांचा उघडा हात तारेकडे निघाला होता. दोन बोटांचं अंतर राहिलं असेल.

शिरीषाची पानं मिटली. भर सकाळी, सगळ्या फांद्यांवरची, एकदम. झाडभर शेंगा वाजल्या. वारा नव्हता.

माझ्या पायाभोवतीचा वेढा आवळला.

मग ती अर्धी कापलेली उजवी फांदी कडाडली आणि सगळ्या वजनानिशी तारांवर कोसळली. काकांनी दचकून हात मागे घेतला. तारा दबल्या, एकमेकींना चिकटल्या, भोंगाच्या दप्तराचा पट्टा फाटून निसटला.

आणि त्यानंतर वीज आली.

चिकटलेल्या तारांवर निळा लोळ उठला. असा स्फोट झाला की दवाखान्याची काच तडकली. रस्त्याच्या टोकाचा फ्यूज उडाला आणि सगळं पुन्हा मेलं. माझ्या डोक्यावरचा चिनी मातीचा एक कप फुटून मावशींच्या पायाशी पडला. जळक्या तेलाचा वास सुटला. तो माझाच वास होता.

मग झाडावरून बारीक आवाज आला, “आई, मी आहे गं. खाली घे मला.”

काकांनी तिला उतरवलं आणि स्वतः माझ्या पायाशी बसले. मावशींनी दिलेला पाण्याचा पेला त्यांनी तसाच डोक्यावर ओतून घेतला. वॉकीटॉकीतून उपकेंद्रातला माणूस ओरडत होता, “अहो काय झालं? तुम्हीच ना म्हणालात जिवंत करा?” मुकादमाने ते ऐकलं. तो मटकन खाली बसला आणि त्याच्या त्या मिशा पहिल्यांदाच मला केविलवाण्या दिसल्या. आई भोंगाला एका हाताने कवटाळत होती आणि दुसऱ्या हाताने तिच्या पाठीत धपाटे घालत होती.

दुपारी कंपनीचे इंजिनिअर आले. लोक त्यांच्यावर तुटून पडले.

“झाडाने वाचवलं सगळ्यांना!” मावशी म्हणाल्या. “फांदी आधी पडली, वीज नंतर आली. मी डोळ्यांनी पाहिलंय.”

“अर्धी कापलेली फांदी पडणारच,” डॉक्टर म्हणाले. “उद्या न कापलेली पडेल. कुणाच्या डोक्यावर पडेल ते सांगा.”

मित्रांनो, दोघंही खरं बोलत होते. वारा नव्हता, हे मात्र कुणीच बोललं नाही. काका फक्त शिरीषाच्या मिटलेल्या पानांकडे बघत राहिले. ती संध्याकाळपर्यंत उघडली नाहीत, आणि संध्याकाळ झाल्यावर उघडायचा प्रश्नच नव्हता.

इंजिनिअर शांत माणूस निघाले. ते म्हणाले, “आज जे झालं त्याची चौकशी होईल. पण झाड आणि या तारा एका जागी राहू शकत नाहीत, हे तुम्हालाही दिसलं. एक मार्ग आहे. हा जुना खांब काढायचा. तारांऐवजी आवरण असलेली केबल टाकायची आणि ती रस्त्याच्या पलीकडून न्यायची. त्यासाठी पलीकडे एक लोखंडी खांब उभा करावा लागेल. रस्त्यावर जागा नाही. कुणीतरी आपल्या अंगणात द्या. परवा सकाळपर्यंत जागा मिळाली तर केबल येईल. नाही मिळाली तर टोळी येईल.”

‘हा जुना खांब काढायचा.’ ते माझ्यासमोर, माझ्याच अंगावर हात ठेवून बोलले. मला धक्का बसायला हवा होता. पण मला वाटलं, एवढंच? मला एकदा कापून झालेलं आहे. ज्याला एकदाही पूर्ण कापलेलं नाही, तो राहू दे.

आणि मग मित्रांनो, जो रस्ता सकाळी छातीचा कोट करून उभा होता, तो चपलांकडे बघायला लागला. एकाच्या अंगणात गाडी उभी राहायची. एकाला मुलासाठी वर मजला चढवायचा होता. एक आजी म्हणाल्या, “द्यायला काय, दिली असती, पण मला खांबाखाली झोप लागत नाही.” मावशींना अंगणच नव्हतं, त्यांचं मशीन तेवढं रस्त्यावर. त्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या आणि एकेक तोंड वळत होतं. झाड सगळ्यांना हवं होतं. खांब मात्र शेजारच्या घरात हवा होता.

शेवटी सगळे भोंगाच्या आईबाबांकडे बघायला लागले. त्यांचं अंगण मोठं, आणि अगदी समोर.

“फ्रिज कुठे ठेवू?” बाबा म्हणाले. “डोक्यावर? ते अंगण म्हणजे माझं दुकान आहे.”

आई फक्त एवढंच म्हणाली, “त्या तारा माझ्या दारात नकोत. आज मी काय ऐकलं ते तुम्ही ऐकलं नाहीत.” लोक एकेक करून घरी गेले. चिंध्यांची दोरी बुंध्यावर होती तशीच राहिली, तांबड्या पट्ट्याच्या वर.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ती आमच्यापाशी थांबली, माझ्या आणि शिरीषाच्या मधे. मैत्रिणी बरोबर होत्या, त्यांना तिने पुढे पाठवलं. कापलेल्या फांदीचा डोळ्यासारखा पांढरा व्रण तिने खालून पाहिला. मग तिने वळून आपल्या घराकडे पाहिलं, अंगणाकडे, फ्रिजच्या रांगेकडे, आणि कोपऱ्यावरच्या आपल्या खिडकीकडे. खूप वेळ ती फक्त त्या खिडकीकडे बघत होती. तेवढ्यात वायरमन काका फुटलेला कप बदलायला आले. दोघांचं काहीतरी बोलणं झालं. काकांनी टेप काढला, रस्ता ओलांडून तिच्या खिडकीखालच्या कोपऱ्यात धरला, भिंतीपासून मापलं, वर पाहिलं आणि मान हलवली. मग ती धावत सुटली. कुठे, ते मला तेव्हा कळलं नाही.

माझी गोष्ट इथे जवळजवळ संपली, मित्रांनो. मला काढतील की शिरीषाला, ते मी सांगू शकत नाही. मला काढलं तर वरचा भाग निघेल, पण पाय निघणार नाही. तो ज्याच्या मिठीत आहे तो सोडणारा नाही. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. रोप लावताना एकदा वर बघत जा. आणि मोठं झाड तोडायचं की ठेवायचं यावर भांडताना, ते राहावं म्हणून आपण स्वतः काय हलवायला तयार आहोत, तेही मोठ्याने सांगत जा. झाडाला ऐकू येतं. कसं, ते मला विचारू नका, पण येतं.

तिन्हीसांज झाली. शिरीषाने पानं मिटली. समोरच्या अंगणात बाबा एका फ्रिजचं दार बसवत होते आणि आई पायरीवर बसून भाजी निवडत होती. भोंगा धापा टाकत फाटकातून आत शिरली. तिचा आवाज रस्ता ओलांडून माझ्यापर्यंत लख्ख आला.

“आई, बाबा, दोघंही ऐका, मध्ये बोलू नका. खांब आपल्याकडे येणार. माझ्या खिडकीसमोरच्या कोपऱ्यात. काकांनी माप घेतलंय, तुमचा एकही फ्रिज हलत नाही बाबा, जाईल ती माझ्या खिडकीतली जागा. खिडकी उघडली की पुढ्यात फांदीऐवजी लोखंड. चालेल मला. आणि आई, केबलला आवरण असतं, मी तीनतीनदा विचारलंय, तरी तुला भीती वाटली तर तू माझ्या खोलीत येऊच नकोस, मी तुझ्या खोलीत येत जाईन. मी कंपनीच्या ऑफिसात जाऊन इंजिनिअरसाहेबांना सांगून आलेय, आमच्याकडून हो आहे म्हणून. सकाळी ते तुमच्याकडून पक्कं करायला येतील. तुम्हाला नाहीच म्हणायचं असेल तर म्हणा, पण घरात बसून नाही. तिकडे झाडाखाली उभं राहून म्हणायचं.”